पालथे दहा दिवस

(ज्युबिलीच्या निमित्तानें देवळाच्या सभागृहांत भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण. अनेकांच्या आग्रहावरून येथें छापलें आहे.)



ज्युबिलीच्या सभेंत धर्मगुरूनें आपल्या धर्मग्रामाचा इतिहास सांगावा असा शिरस्ता आहे. परंतु तो इतिहास स्मरणिकेसाठीं माझ्याहून अधिक जाणत्या गृहस्थांनीं लिहिला आहे, आणि इतक्या बारकाईनें लिहिला आहे कीं मला सांगण्यासारखें त्यांनीं कांहींच शिल्लक ठेविलें नाहीं. सबब समितीनें विषयाची निवड मजवर सोंपविली, तेव्हां मीं माझा डावा डोळा निवडला. गेल्या वर्षभरांत आपल्यापैकीं पुष्कळांनीं मला रस्त्यांत, लोकलगाडींत, देवळाच्या पायऱ्यांवर थांबवून विचारलें आहे, "फादर, डोळ्याला नेमकें झालें तरी काय? मोतीबिंदु कां?" प्रत्येकास मीं अर्धें उत्तर देऊन वाटेस लाविलें. पूर्ण उत्तर आज देतों. तें देतांना माझी एक चूक उघडी करणें भाग आहे, तीही करतों.

मोतीबिंदु नव्हता. डोळ्याचा पडदा सुटला होता.

डोळ्याच्या गोलाच्या आंतल्या अंगास, मागच्या बाजूनें, एक अतिशय पातळ अस्तर असतें. वैद्यकांत त्याला दृष्टिपटल म्हणतात, लोक पडदा म्हणतात. त्याची जाडी सुमारें पाव मिलिमीटर. आपण जें जें पाहतों त्याचें चित्र या अस्तरावर उमटतें. त्याच्या पाठीमागें रक्तवाहिन्यांचा एक थर असतो व अस्तराच्या मागील भागास प्राणवायु त्या थरापासून मिळतो. म्हणून अस्तर भिंतीस चिकटलेलें असेपर्यंतच जिवंत राहतें. डोळ्याच्या पोकळींत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा एक पारदर्शक, चिकट रस भरलेला असतो. वय वाढलें कीं तो रस पातळ होतो, आक्रसतो, आणि मागच्या अस्तरापासून अलग होऊं लागतो. बहुतेकांच्या बाबतींत त्यापासून कांहीं अपाय होत नाहीं. पण कित्येकांच्या डोळ्यांत तो अलग होतांना अस्तराला ओढतो आणि अस्तर एखाद्या जागीं फाटतें. मग त्या फटींतून पाणी मागें शिरतें. पावसाळ्यांत आपल्या जुन्या चाळींच्या भिंतींत ओल शिरली म्हणजे रंगाचा पोपडा कसा सुटतो हें डोंबिवलीकरांस आणि कल्याणकरांस मीं सांगावयास नको. तसाच हा पोपडा सुटतो. फरक इतकाच कीं भिंतीचा पोपडा दिसतो. हा पोपडा ज्यानें दिसावयाचें त्याचाच असतो. आणि दुखत मुळींच नाहीं. त्या अस्तराला वेदना कळत नाहींत. डोळा लाल होत नाहीं, गळत नाहीं, ठणकत नाहीं. हीच त्या रोगाची सर्वांत मोठी लबाडी.

ज्यांना लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा आहे, ज्यांचें मोतीबिंदूचें ऑपरेशन झालें आहे, ज्यांच्या डोळ्यावर चेंडू किंवा ठोसा बसला आहे, ज्यांच्या घरांत पूर्वीं कोणास हा विकार झाला आहे, त्यांना याचें भय अधिक. माझा चष्मा शाळेंत असल्यापासून उणे आठचा. भिंगें जाड असल्यामुळें सेमिनरींत मला जें टोपणनांव पडलें होतें, तें आज सांगत नाहीं.

आतां माझी हकीकत. गेल्या वर्षीं झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळीं मी पापनिवेदनें ऐकावयास बसलों होतों. तेथें काळोख असतो हें आपणांस ठाऊक आहे. त्या काळोखांत डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकली. मान वळवून खिडकीबाहेर पाहिलें, तों आकाश निरभ्र. पुन्हां डोळा फिरविला, पुन्हां वीज. रात्रीं जेवतांना पांढऱ्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचा थवा उतरला. कोणीं तरी शाईची लेखणी झटकावी तसे ते ठिपके दिसत. मीं चष्मा पुसला. दुसऱ्या दिवशीं दुसऱ्या रुमालानें पुसला. सोमवारीं औषधाच्या दुकानांतून डोळ्यांत घालावयाचे थेंब आणविले. पुढें मला समजलें कीं या विकारावर जगांत कोणतेही थेंब नाहींत.

पवित्र गुरुवारीं बारा जणांचे पाय धुतांना डाव्या डोळ्याच्या खालच्या बाजूनें, नाकाच्या अंगास, एक करडी सांवली वर चढलेली जाणवली. तांब्या कोठें आहे आणि परात कोठें आहे याचा मेळ बसेना व एका गृहस्थाच्या पायजम्यावर पाणी सांडलें. त्यांनीं तें कृपा म्हणून सोसलें. शुभ शुक्रवारीं क्रूसाच्या चुंबनाच्या वेळीं मीं मुद्दाम उजवा डोळा मिटून पाहिलें. क्रूसाची आडवी पट्टी दिसली, प्रभूचे हात दिसले. पाय दिसले नाहींत. आणि चुंबन तर पायांचेंच घ्यावयाचें असतें. शनिवारीं रात्रीं पास्काची मेणबत्ती पेटविली तेव्हां ज्योत मधोमध वांकडी झाली होती आणि मेणबत्ती पाण्यांत बुडालेल्या काठीप्रमाणें मोडलेली दिसत होती.

आपण म्हणाल, फादर, इतकें कळत होतें तर गेलां कां नाहीं? हाच प्रश्न मला पुढें अनेकदां विचारला गेला, आणि मीं त्याचीं निरनिराळ्या लोकांस निरनिराळीं उत्तरें दिलीं. पवित्र आठवडा होता, ज्युबिलीच्या हिशेबाच्या वह्या पुऱ्या करावयाच्या होत्या, आजारी लोकांस कम्युनियन न्यावयाचें होतें. हीं सर्व उत्तरें खरीं आहेत. परंतु शेजारच्या धर्मग्रामांतून एक धर्मगुरू मागविण्यास एक फोन पुरला असता. मजवांचून पवित्र आठवडा पार पडणार नाहीं असें मला वाटलें. त्याला मीं तेव्हां निष्ठा म्हणत होतों.

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशीं, सोमवारीं सकाळीं, मी डोंबिवलीच्या एका नेत्रवैद्याकडे गेलों. त्यांनीं थेंब घालून बाहुली मोठी केली, डोक्यावर दिवा बांधला, भिंगांतून बराच वेळ पाहिलें आणि विचारलें, "सकाळपासून कांहीं खाल्लें आहे कां?" त्या एका प्रश्नावरून मीं ओळखलें कीं आतां आपली रवानगी व्हावयाची. मुंबईच्या लोकलमध्यें खिडकीशीं बसून मुंब्र्याजवळ मीं पुन्हां उजवा डोळा झांकला. डोंगराचें शिखर तेवढें धुक्यांत तरंगत होतें. खालचा सारा डोंगर कोणीं पुसून टाकिला होता.

मुंबईच्या शल्यवैद्यांनीं मला लपवाछपवी न करतां सांगितलें. पहिली वीज चमकली त्याच्या दुसऱ्या दिवशीं मी आलों असतों, तर फाट नुकती पडलेली असती. लेसरच्या किरणांनीं तिच्या भोंवतीं शिवण घालून पंधरा मिनिटांत मला घरीं धाडलें असतें. गुरुवारीं आलों असतों, तर शस्त्रक्रिया लागली असती, पण पीतबिंदु वांचला असता. पीतबिंदु म्हणजे त्या अस्तराच्या मध्यावरची एक चिमुकली जागा. अक्षर वाचणें, चेहरा ओळखणें, सुईंत दोरा ओंवणें हीं कामें तीच जागा करते. माझी फाट वरच्या बाजूस होती, आणि पाणी खालीं उतरतें. तें शनिवारच्या सुमारास पीतबिंदूपर्यंत उतरलें. पहिल्या विजेपासून नऊ दिवस गेले होते. नोव्हेनाही तेवढ्याच दिवसांची असते, हें मला तेव्हां त्या टेबलावर पडल्या पडल्या आठवलें.

येथें थोडें विषयांतर करतों, पण तें आपल्या गांवाशीं जोडलेलें आहे. डोळ्याच्या आंत पाहण्याचें यंत्र हेल्महोल्ट्झ नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञानें १८५१ मध्यें तयार केलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि १८५४ मध्यें ती कल्याणास पोंचली. म्हणजे ज्या काळीं आपल्या मुलखांतील लोक रुळांवरून धांवणारी गाडी पाहावयास गोळा होत होते, त्याच काळीं युरोपांतील वैद्य जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा प्रथमच पाहत होते. तोंवर तो कोणींही पाहिला नव्हता. तोबितच्या डोळ्यांवर चढलेले पांढरे डाग बाहेरून दिसत होते. माशाच्या पित्तानें ते निघाले असें शास्त्र सांगतें. सुटलेला पडदा मात्र बाहेरून दिसत नाहीं. अशा रोग्यास जुन्या काळीं डोळा निर्मळ असूनही आंधळा म्हणत.

आणि पाहतां आलें तरी उपाय सांपडला नाहीं. पुढें सुमारें सत्तर वर्षें या रोग्यांस दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून, डोक्याच्या दोन्ही बाजूंस वाळूच्या पिशव्या लावून, महिना महिना निश्चळ निजवीत. हजारांत एखाद्याचा डोळा वांचे. स्वित्झर्लंडमधील लोझान शहराच्या ज्यूल गोनें यांनीं मात्र असें धरलें कीं रोगाचें मूळ त्या बारीक फटींत आहे. ती फट हुडकून बंद केली तरच पडदा बसेल. आज हें सांगतांना अगदीं सोपें वाटतें. तेव्हांच्या मोठमोठ्या तज्ज्ञांस तें पटलें नाहीं. गोनें फट नेमकी कोठें आहे याचें मोजमाप करीत, बाहेरून त्या जागीं छेद घेत आणि तापलेल्या टोंकानें तीस डाग देत. १९२० च्या सुमारास त्यांनीं आपले यश प्रसिद्ध करावयास आरंभ केला, आणि १९२९ च्या अ‍ॅम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेंत जगानें तें मान्य केलें. १९३५ मध्यें ते वारले.

त्यांच्या मागून आलेल्यांपैकीं एकाची हकीकत मला विशेष आवडते. शार्ल शेपेन्स नांवाचे बेल्जियमचे तरुण नेत्रवैद्य दुसऱ्या महायुद्धांत गेस्टापोच्या तावडींतून निसटले, आणि फ्रान्स व स्पेन यांच्या सरहद्दीवरील डोंगरांत, मांदीव नांवाच्या खेड्यांत, खोट्या नांवानें लांकडाची गिरणी चालवूं लागले. गिरणीच्या आडून त्यांनीं शंभराहून अधिक माणसें डोंगरापलीकडे सुखरूप पोंचविलीं. युद्ध संपल्यावर याच गृहस्थांनीं दोन्ही डोळ्यांनीं पाहावयाचें, डोक्यावर बांधावयाचें तें यंत्र तयार केलें. डोंबिवलीच्या वैद्यांनीं माझा डोळा पाहिला तो त्याच जातीच्या यंत्रानें. पुढें ते अमेरिकेंत बोस्टन येथें गेले. त्यांच्या हाताखालीं जे शिकले त्यांत आपल्याकडील डॉ. बद्रीनाथ होते; त्यांनीं परत येऊन १९७८ मध्यें मद्रासेस, म्हणजे आतांच्या चेन्नईस, शंकर नेत्रालय काढलें. डोळ्यांत शिरून तो चिकट रस कापून काढण्याची रीत मात्र माखेमर या जर्मन वैद्यानें १९७० मध्यें अमेरिकेंत मायामी येथें सुरू केली. माझ्यावर झाली ती हीच शस्त्रक्रिया. आज पहिल्याच शस्त्रक्रियेंत पडदा बसण्याचें प्रमाण शंभरांत नव्वदीच्या आसपास आहे. पडदा बसणें आणि दृष्टि परत येणें या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत, हें मला पुढें समजलें.

शस्त्रक्रियेविषयीं फार सांगत नाहीं, कारण तींत माझें कर्तृत्व कांहीं नाहीं. डोळ्याशेजारीं सुई टोंचून तो बधिर केला. मी जागा होतों. अर्ध्या मिलिमीटरचीं तीन छिद्रें पाडून एकांतून दिवा, एकांतून कातरी आणि एकांतून पाणी सोडलें. रस काढला, फटीभोंवतीं लेसर दिला, आणि शेवटीं डोळ्यांत एक जड वायु भरला. तो सहा ते आठ आठवड्यांत आपोआप विरतो व त्याची जागा शरीरांतलें पाणी घेतें. कांहीं रोग्यांच्या डोळ्यांत वायूऐवजीं सिलिकॉनचें तेल भरतात. तें पुढें दुसऱ्या शस्त्रक्रियेनें काढावें लागतें. वायूचा बुडबुडा नेहमीं वरच्या बाजूस तरंगतो. त्यानें मागच्या पडद्यावर दाब द्यावा म्हणून रोग्यानें तोंड जमिनीकडे करावयाचें. किती दिवस? दहा. जेवतांना, झोपतांना, प्रार्थना करतांना, सदासर्वदा. तासांतून पांच मिनिटांची सुटी. मनगटावर एक हिरवा पट्टा बांधला. डोळ्यांत वायु आहे, याला विमानांत चढवूं नये व विशिष्ट भूल देऊं नये, असें त्यावर लिहिलेलें होतें. उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि डोळ्यांतला बुडबुडा फुगतो. त्यामुळें त्या वर्षीं घाट चढून खंडाळ्यास एकांतवासासाठीं जाण्याचीही मनाई झाली. माझा एकांतवास डोंबिवलींतच, आणि पालथा झाला.

तो काळ मीं कसा काढला तें आपणांपैकीं कांहीं जणांस माझ्याहून चांगलें ठाऊक आहे, कारण त्यांनींच तो काढून दिला. आपल्यांतील एका सुतारानें देवळाच्या मोडक्या बांकाचें लांकूड घेऊन खाटेच्या टोंकास एक चौकट बसविली, तीवर कापसाची गोल गादी शिवून घेतली. तींत तोंड घालून मी निजत असें. चहा नळीनें. पेज नळीनें. कालवण मात्र नळीनें येईना, तेव्हां एका आजीबाईंनीं खालीं जमिनीवर बसून वाटी माझ्या तोंडाखालीं धरली आणि सांगितलें, "फादर, लाजूं नका, मी पांच पोरं वाढवली आहेत." मी लाजलों. मी जेवलों.

दहा दिवस मला फरशीच्या चौदा लाद्या दिसत होत्या. माणसें दिसत नव्हतीं, पाय दिसत होते. चौथ्या दिवसापासून मी पायांवरून माणसें ओळखूं लागलों. वेदीसेवकांच्या चपला, शाळेच्या बाईंचे बूट, आजीबाईंच्या टांचेच्या भेगा, कोणाची तरी अंगठ्याशीं शिवलेली वहाण. पंचवीसहून अधिक वर्षें मीं पवित्र गुरुवारीं पाय धुतले आहेत. ते अगोदरच घरून धुवून आणलेले असतात. हे पाय तसे नव्हते.

धर्मगुरूनें रोज ब्रेव्हिअरी म्हणावी असा नियम आहे. मला वाचतां येईना. कल्याणच्या रेल्वे वसाहतींत आयुष्य घालविलेले एक निवृत्त मोटरमन आपल्यांत आहेत. नांव घेतलेलें त्यांस आवडणार नाहीं. ते रोज सकाळीं सहा वाजतां येऊं लागले आणि स्तोत्रें मोठ्यानें वाचूं लागले. स्थानकांचीं नांवें पुकारावीं तसें ते वाचतात; प्रत्येक ओळीवर गाडी थांबते. दुसऱ्या कीं तिसऱ्या दिवशीं पुस्तक मिटून ते म्हणाले,

"फादर, एक बोलूं? राग मानूं नका."

"बोला, काका."

"शनिवारीं तुम्हांला पिवळा सिग्नल पडला होता. गुरुवारीं लाल पडला. तुम्ही रविवारपर्यंत गाडी नेलीत."

मी म्हणालों, "काका, गाडींत माणसें होतीं."

"म्हणूनच थांबायचं असतं," ते म्हणाले. मग जरा वेळानें: "आमच्याकडे डोळे तपासतात. डोळा नापास झाला कीं गाडी काढून घेतात, कितीही जुना माणूस असो. माझ्या दोस्ताची काढून घेतली, तो रडला. तुमच्याकडे कोण काढून घेतं?"

मी तोंड खालीं करून होतों, म्हणून माझा चेहरा त्यांना दिसला नाहीं, हें एक बरें झालें. कारण या प्रश्नाचें एक उत्तर मीं गोरेगांवच्या सेमिनरींत शिकलों होतों व त्या वेळीं त्यावर आम्ही सारे हंसलों होतों. जुन्या धर्मनियमांत डाव्या डोळ्यास 'कॅननचा डोळा' म्हणत. लॅटिन मिस्साच्या काळीं वेदीवर मिस्साग्रंथ धर्मगुरूच्या डाव्या हातास ठेविलेला असे आणि कॅननची प्रार्थना त्यांतून वाचावी लागे. म्हणून ज्याचा डावा डोळा गेला आहे अशा उमेदवारास विशेष परवानगीवांचून दीक्षा मिळत नसे. दीक्षा झाल्यावर ज्यांची दृष्टि अधू झाली, अशा धर्मगुरूंस रोमहून परवानगी मिळे, आणि ते पवित्र मातेचा किंवा मृतांसाठींचा मिस्सा, तोंडपाठ असलेला तेवढाच, रोज म्हणत. १९८३ च्या धर्मसंहितेंत डोळ्याची ती अट उरली नाहीं. मला आतां परवानगी मागावी लागणार नव्हती. पण त्या पालथ्या स्थितींत मीं मनांतल्या मनांत मिस्साच्या प्रार्थना म्हणून पाहिल्या, कोठपर्यंत पाठ आहेत हें पाहावें म्हणून. आणि इतकीं वर्षें रोज म्हणत असलेल्या प्रार्थनेंत मी तीन ठिकाणीं अडखळलों. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. उजवा डोळाही असाच जाईल काय, हा विचार प्रथमच त्या रात्रीं आला. वैद्य सांगतात कीं एका डोळ्यास झालें तर दुसऱ्यासही होण्याचा संभव शंभरांत सुमारें दहा.

अकराव्या दिवशीं मान वर केली. डाव्या डोळ्यास प्रकाश दिसत होता, दुसरें कांहीं नाहीं. वायूतून पाहणें म्हणजे वाहत्या पाण्यांतून पाहणें. मग तिसऱ्या आठवड्यांत वरच्या बाजूनें एक स्वच्छ पट्टी उघडली आणि तिच्या खालीं एक रेषा हलूं लागली, गवंड्याच्या पाणसळींतील बुडबुड्याप्रमाणें. मान कलती केली कीं रेषा तोल सांवरी. ती रोज थोडी खालीं उतरे. शेवटीं तिचा एक वाटोळा मणी झाला, नजरेच्या तळाशीं तो लोळत असे, आणि एके दिवशीं सकाळीं तो नव्हता. मला त्याची चुकल्यासारखें वाटलें, खोटें कशाला सांगूं?

बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट एकट्या मार्कनेंच सांगितली आहे. प्रभूनें त्याच्या डोळ्यांवर हात ठेविल्यावर त्याला प्रथम माणसें दिसलीं तीं चालत्या झाडांसारखीं. प्रभूनें पुन्हां हात ठेविला तेव्हां त्याला नीट दिसूं लागलें. या गोष्टीवर मीं निदान दहा प्रवचनें केलीं असतील. अर्धवट विश्वास, अपुरी श्रद्धा, असें कांहीं तरी मी सांगत असें. आतां मला वाटतें, त्या माणसानें प्रभूला फक्त खरें तें सांगितलें. विचारल्यावर "दिसतें, दिसतें" म्हणून तो पळाला नाहीं. मला तर जो तो विचारी, "फादर, आतां दिसतें ना?" आणि मी होय म्हणून मोकळा होत असें.

खरें तें असें आहे. डाव्या डोळ्यानें सरळ रेषा मध्यें खचलेली दिसते. देवळाचा खांब कंबरेंत वांकलेला दिसतो. अक्षर उजव्या डोळ्याला दिसतें त्याहून लहान दिसतें. रंग जरा विटलेले आहेत. मोठ्या टाइपाचा मिस्साग्रंथ मी त्या डोळ्यानें वाचूं शकतों, ब्रेव्हिअरी वाचूं शकत नाहीं. सुधारणा वर्षभर हळूहळू होत राहते असें वैद्यांनीं सांगितलें होतें, आणि ती झालीही. आतां याहून अधिक होणार नाहीं. पडदा बसला आहे, डोळा वांचला आहे, आणि नऊ दिवसांची जी किंमत होती ती वसूल झाली आहे. ती परत मिळावी म्हणून मीं प्रार्थना केलेली नाहीं. तसें करणें मला बरें वाटत नाहीं.

मात्र एक काम मीं केलें. पेन्टेकॉस्टच्या रविवारीं, प्रवचनाच्या जागीं, मीं वीज, ठिपके आणि सांवली या तीन गोष्टी सांगितल्या व ज्यास यांतलें कांहीं दिसलें असेल त्यानें त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें, थेंब घालूं नयेत, सणाची वाट पाहूं नये, असें म्हटलें. कित्येकांनीं नाक मुरडलें कीं पवित्र आत्म्याच्या सणास फादर डोळ्यांचें काय सांगत बसले. त्या आठवड्यांत तीन जण गेले. दोघांस कांहींच नव्हतें, नुसती वयाची खूण. तिसरी एक तरुण मुलगी, उणे दहाचा चष्मा असलेली. तिच्या डोळ्यांत ताजी फाट सांपडली आणि ठाण्यास त्याच दुपारीं लेसर झाला. रविवारीं ती गायनवृंदांत उभी होती. आणि एक चौथ्या बाई, त्या माझ्याकडे मिस्सा संपल्यावर आल्या. त्यांच्या डोळ्यावर सांवली येऊन चार महिने झाले होते. मोतीबिंदु पिकतो आहे असें कोणीं तरी सांगितलें म्हणून त्या वाट पाहत होत्या. मीं स्वतः त्यांना घेऊन गेलों. फार उशीर झाला होता. त्या परत येतांना गाडींत मला म्हणाल्या, "फादर, तुम्हांला ठाऊक होतं तर आधीं कां नाहीं सांगितलंत?" मला ठाऊक नव्हतें. मी त्यांना तसें सांगितलें. त्यांचा विश्वास बसला कीं नाहीं कोण जाणे.

मी आतां रोज सकाळीं एक डोळा झांकून दाराच्या चौकटीकडे पाहतों, मग दुसरा झांकून. उजव्या डोळ्यास चौकट सरळ दिसते. मोटरमन काका अजून सहा वाजतां येतात. उजव्या डोळ्यानें मला वाचतां येतें हें मीं त्यांना सांगितलें आहे; ते म्हणतात, असूं दे, पुस्तक मध्यावर आहे, डेपोपर्यंत नेऊं या.

आणि एक विनंती. दोन डोळ्यांचा मेळ बसत नसल्यामुळें मला पायऱ्यांची खोली कळत नाहीं. ऑगस्ट महिन्यांत एके रात्रींत कोणीं तरी देवळाच्या सर्व पायऱ्यांच्या कडा पिवळ्या रंगानें रंगविल्या. समितीस विचारलें, सुतारास विचारलें, वेदीसेवकांस विचारलें. कोणी कबूल होत नाहीं. ज्या कोणीं तें केलें असेल त्यांनीं सभा संपल्यावर मला भेटावें. तिसऱ्या पायरीवरचा रंग पावसानें निघाला आहे.